तिसऱ्या कुंडीतलं गवत

जयानं ते उपटायला हात घातला आणि हात तिथंच थांबला. सकाळची वेळ, तिचा नवरा हनुमान भातसानगरला धरणावर ड्युटीला निघालेला, कुकरची शिट्टी व्हायची बाकी, आणि आसनगावच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ही बाई गाऊनचा घोळ गुडघ्यांत धरून कुंडीपुढं उकिडवी बसलेली. कुंडी ओळीतली तिसरी, नावाला मोगऱ्याची. मोगरा उन्हाळ्यातच गेला होता, आणि त्याच्या जागी काहीतरी हिरवं उगवलंय हे ती पावसाळाभर बघत होती. म्हणजे ते डोळ्यांसमोर होतं, बघत कुठं होती ती. आज कचरा काढायचा म्हणून तिनं ते बुडाशी चिमटीत धरलं आणि बोटांनाच काहीतरी निराळं लागलं. आता जयाच्या बोटांचं म्हणणं सहजासहजी उडवून लावण्यासारखं नव्हतं. मुरबाडकडच्या कुणब्याची पोर ती. लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात भाताच्या खाचरात कमरेत वाकून बेणणी केलेली, पाठीवर इरलं, डोळे अर्धे पाण्यानं मिटलेले, आणि खाली चिखलात बोटं आपली आपण ठरवत जायची की हे भात, हे ठेवायचं, हे तण, हे ओढायचं. त्या बोटांना फसवणारं गवत अजून जन्माला यायचं होतं. आणि आज ती बोटं गप्प होती. जयाला एकदम हसू आलं. छातीत धडधडायला लागलं, आणि डाव्या बाजूला आता मधे काहीच उरलेलं नसल्यामुळे ते ठोके गाऊनवरूनसुद्धा तळहाताला थेट लागले.

मग कुकरच्या शिट्ट्या झाल्या, किती झाल्या देव जाणे, पण बाई काही उठली नाही. तिनं एक काडी दोन बोटांत फिरवून पाहिली. लव्हाळा असता तर तीन धारा लागल्या असत्या, ही गोल. पाखड असता, म्हणजे ते भातासारखं दिसून भातालाच खाणारं लबाड गवत, तर बुडाशी तांबूस झाक असती. इथं बूड पांढरंफटक. पान ओठांवरून ओढून पाहिलं (हे तिला आईनं शिकवलेलं, भाताचं पान ओठाला कळतं), तर कडेला बारीक कातर होती पण भाताची नव्हे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पानाला देठ होता. एवढासाच, तिळाएवढा, पण होता. गवताला कुठं देठ असतो? गवताचं पान सरळ काडीला मिठी मारून उठतं. हे शहाणं मात्र आधी मिठी मारून मग बारीकशा देठावर मान कलती करून उभं होतं. तीन कोंब होते. पहिला दोऱ्याएवढा, आता पिवळा पडत चाललेला. दुसरा काडेपेटीतल्या काडीएवढा. आणि तिसरा चांगला सुतळीएवढा जाड, टोकाशी पान गुंडाळून सरळ वर निघालेला. प्रत्येक कोंब मागच्यापेक्षा जाड. असं कोण करतं? जयानं भात पाहिलं होतं, नाचणी, वरी पाहिली होती, अख्खं रान पाहिलं होतं, पण आधी बारीक निघायचं आणि मग विचार करून जाड निघायचं, असला धीर तिनं कुठल्या झाडात पाहिला नव्हता. पुढचा कोंब केवढा निघेल, असं तिच्या मनात आलं, आणि ती जरा दचकलीच.

कारण पुढचं काही मनात आणायचं तिनं बंद केलं होतं. मागल्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली, मग मुंबईच्या फेऱ्या, ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक. सगळं झालं, केस परत आले, तेही कुरळे होऊन आले, आणि डॉक्टर मोठे चांगले होते, हसून बोलायचे, पण किती वर्षं असं विचारलं की म्हणायचे, पुढच्या तपासणीला बघू. तपासणी झाली की पुन्हा पुढची तपासणी. तिला दोष द्यायचा नव्हता कुणाला. पण तिचं सगळं जगणंच हळूहळू तेवढ्या मापाचं होऊन बसलं. या उन्हाळ्यात तिनं वर्षाचा मसाला केला नाही. लोणचं घातलं नाही. कल्याणच्या पतपेढीतली नोकरी सोडली होती, तिथून ये म्हणून फोन आला तर बघू म्हणाली. भाचीचं लग्न पुढच्या वैशाखात धरायचं चाललं होतं. सगळे तारखा बोलत होते, आणि ही ताटातली भाजी चिवडत होती. हनुमानच्या ते लक्षात यायचं, पण तो तरी काय बोलणार. तर अशी ही बाई त्या सकाळी कुंडीपुढं बसून पुढचा कोंब केवढा निघेल याचा हिशोब करत होती, आणि स्वतःलाच रंगेहाथ पकडल्यासारखी लाजली होती.

त्या दिवसापासून तिला जे वेड लागलं ते लागलंच. तिनं फोटो काढले, उजेडात, सावलीत, पान उलटं करून. फोनमध्ये झाडं ओळखणारं एक ॲप घेतलं. ते सकाळी आल्याचं रोप म्हणालं, दुपारी मका म्हणालं आणि संध्याकाळी कसलंसं परदेशी नाव देऊन मोकळं झालं. सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं तर एकीनं गवती चहा सांगितला, दुसरीनं हळद, तिसरीनं शुभ सकाळचं चित्र पाठवलं. जयानं पान चुरगाळून वास घेतला. चहा नाही, हळद नाही, नुसता ओला हिरवा वास, आणि त्या वासात काहीतरी होतं, घराच्या मागल्या अंगणातलं, सावलीतलं, पण नेमकं काय ते हातात येईना. ती स्टेशनबाहेर बसणाऱ्या बुधीकडे गेली. बुधी उंबरमाळीच्या वरच्या वाडीतली ठाकरीण, रानभाज्या विकणारी, आणि जयाची जुनी ओळखीची. बुधीनं काडी उलटीसुलटी केली, चावून पाहिली, थुंकली, आणि आपल्याला नाय ठावं म्हणून सरळ सांगून टाकलं. जया म्हणाली, तुला ठावं नाय असं रानात काय असेल गो. तर बुधीचं म्हणणं असं की रानात तिच्या ठावं नसलेलंच जास्त हाय; जे खायला येतं, जाळायला येतं, औषधाला येतं त्याची नावं हायत, बाकीचं आपलं उभं हाय. जयाला ते इतकं आवडलं की तिनं गरज नसताना दोन जुड्या घेतल्या.

घरी येताना ती भरभर चालत होती. रस्त्याकडेचं प्रत्येक हिरवं तिला नव्यानं दिसत होतं, आणि प्रत्येकाचं नाव तिला येत होतं, टाकळा, तेरडा, कुर्डू, घाणेरी, आघाडा. आणि या सगळ्या ओळखीच्या गर्दीत आपल्या घरी एक अनोळखी पाहुणा येऊन बसलाय याचा तिला गर्व वाटायला लागला. सकाळी उठून ती आधी कुंडीकडे जायची, चौथा कोंब निघाला का बघायची, आणि निघालेला दिसला, सुतळीहून जाड, तर आनंदानं ओरडायच्या ऐवजी हात आपोआप छातीकडे जायचा. वर्षभर तिनं वाढ हा शब्द फक्त कागदावर वाचला होता, आणि वाढ नाही असं लिहिलेलं दिसलं की घरात पेढे यायचे. आता हे वाढत होतं, रोज वाढत होतं, आणि तिला ते वाढायला हवं होतं. हे कसं काय जुळवायचं ते तिला कळेना. पण मन मोठं चावट असतं. दुपारी ती पुन्हा पट्टी घेऊन मोजायला बसायची.

शेवटी तिनं दादाला फोटो पाठवला. कोंडू, तिचा थोरला भाऊ, सरळगावच्या पुढे माळशेजच्या अंगाला त्यांचं गाव, तिथं घर आणि भातशेती सांभाळून होता. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणजे तोच. आजारपणात दर पंधरवड्याला तांदूळ, अंडी, काहीबाही घेऊन यायचा, आणि उन्हाळ्यात कुंड्यांसाठी परसातली चांगली काळी माती गोणीभर यानंच आणून टाकली होती. एरवी जयाच्या साध्या नमस्कारालासुद्धा त्याचा अंगठा यायचा. या फोटोला मात्र दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढं काही नाही. संध्याकाळी एवढंच आलं, उपटून टाक. जयानं विचारलं, का, काय आहे ते. आणि रात्री जेवणं झाल्यावर हनुमान फोन घेऊन जिन्यात गेला आणि खालच्या आवाजात बोलायला लागला. तो आवाज जयाच्या चांगला ओळखीचा होता. रिपोर्ट आला की घरातली माणसं याच आवाजात बोलायची, आणि ती आत आली की भाजीचे भाव काढायची. ती भांडी तशीच टाकून दारात जाऊन उभी राहिली. हनुमान फोन ठेवून म्हणाला, दादा म्हणतोय गवतच आहे, काढून टाकू. तिला राग आला होता, चांगला सणसणीत राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली एक उकळी फुटत होती की याला नाव आहे, दादाला ते माहीत आहे, आणि ते मला सांगण्यासारखं नाही, एवढं ते मोठं आहे. रविवारी माहेरी जायचं असं तिनं जाहीर केलं. आजारपणानंतर ती एकदाही गेली नव्हती. गौरीलासुद्धा दादाच येऊन गेला होता, प्रवासाची दगदग नको म्हणून. तेव्हा ते किती मायेचं वाटलं होतं. आता तिला आठवलं की व्हिडिओ कॉलवर दादा नेहमी भिंतीला पाठ लावून बसतो, आणि मागचं अंगण दाखव म्हटलं की नेमकी रेंज जाते.

रविवारी मोटारसायकलवर हनुमानच्या मागे, मांडीवर पिशवीत कुंडी, अशी ती निघाली. हनुमाननं कुंडी कशाला म्हणून एकदा विचारून पाहिलं आणि तिचा चेहरा बघून नाद सोडला. शहापूर गेलं, किन्हवली गेली, दोन्ही बाजूंना भात निसवलेलं, लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या, त्याचा तो दुधाळ वास हेल्मेटच्या आतपर्यंत येत होता, आणि ती पिशवीत हात घालून त्या पानांना हलकेच दाबून धरत होती, वाऱ्यानं फाटू नयेत म्हणून. तिला लहान मुलीसारखं झालं होतं. भीती होती, नाही असं नाही; पण भीतीसुद्धा किती महिन्यांत तिनं अशी वाऱ्यावर, उघड्यावर घेतली नव्हती. एरवी ती भीती लिफ्टमधून खाली जाऊन लिफ्टमधून वर यायची.

गाव आलं, घर आलं, आणि जया गाडीवरून उतरता उतरताच थांबली. घरामागं आभाळ होतं. तिथं आभाळ असायचं कारण नव्हतं. तिथं कळकाचं, त्या जाड बांबूचं, बेट असायचं, आजोबांच्याही आधीचं, कौलांवर वाकलेलं; वाऱ्याला रात्रभर करकरायचं, त्या आवाजात ती वाढली, त्याच्या काठ्यांच्या कुडात जन्मली, त्याच्या सुपात पाखडलेलं खाल्लं. ते नव्हतं. ती कुणाशी न बोलता सरळ घराच्या मागे गेली. वाळून पांढऱ्या पडलेल्या कळकांचा ढीग एका बाजूला रचलेला, बुडं कापलेली. आणि त्या कापलेल्या बुडांच्या चारी बाजूंना, थेट गोठ्याच्या भिंतीपर्यंत, जमीन हिरवीगार होती. जया खाली बसली. तिळाएवढा देठ. कलती मान. बारीक कोंब, त्याच्या बाजूला जाड, त्याच्या बाजूला आणखी जाड. शेकडो. तिनं एक हलकेच ओढून काढलं; मुळाशी अजून बी चिकटलेलं होतं, गव्हासारखं, भातासारख्या तुसात गुंडाळलेलं. आणि मग तिच्या डोक्यात एकदम सगळा उजेड पडला. कळक. अगं बाई, हा कळक. ज्याच्या सावलीत आयुष्य काढलं त्याचं पोर आपल्याला ओळखता आलं नाही. पण येणार कसं? कळक कधी कुणी बियाचा बघितलाच नव्हता. लावायचा तो बुडाचा कंद तोडून लावायचा, बापजाद्यांपासून तसाच. आणि बी धरायला तो फुलावा लागतो, आणि फुलतो तो माणसाच्या आयुष्यात एकदा, नाहीतर एकदाही नाही. तिच्या बापानं ते बघितलं नाही. आजोबानं बघितलं नाही. परसातल्या मातीच्या गोणीतून तो तिच्या बाल्कनीत आला होता, तीन जिने चढून, आणि मेलेल्या मोगऱ्याच्या जागी मान कलती करून उभा राहिला होता. जया मोठ्यानं हसली, आणि डोळे पुसले, आणि पुन्हा हसली.

मागे दादा येऊन उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. मग हळूहळू सगळं निघालं. ती मुंबईला केमोच्या खुर्चीत बसलेली असताना इकडे बेट फुललं होतं. कळक फुलतो तो मरायच्या आधी, आणि ज्याच्या दारात फुलतो त्याच्या घरातलं माणूस नेतो असं गावात मानतात. दादानं नारळ दिला, कोंबडं दिलं, भगताला विचारलं, आणि घरातल्या सगळ्यांना शपथ घातली की जयाच्या कानावर जाता कामा नये. बेट वाळत गेलं तसा तो बहिणीचे दिवस मोजत गेला होता. आणि त्यात तिनं फोटो पाठवला, की तेच रोप तिच्या घरात, तिच्या हातच्या पाण्यावर वाढतंय. हे सांगताना तो दादा, पंचावन्नचा बाप्या, खाली मान घालून रडला. जयाला क्षणभर वाटलं, म्हणजे यानं मला कधीच पोचवून टाकलं होतं की. मग त्याचा चिखलानं भरलेला पाय दिसला, अंगठ्यानं माती उकरणारा, आणि तिचा राग उभ्या उभ्याच विरला. बेटानं न्यायचं ते नेलं की रे दादा, स्वतःलाच नेलं, मी हाय ना हितं, असं ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर एक गुद्दा घातला.

एवढ्यात बाईजा आत्या काठी टेकत बाहेर आली. बापाची बहीण, सगळ्यांत जुनं माणूस, कमरेत वाकलेली पण जिभेनं ताठ. तिनं कुंडीकडे बघितलं आणि दादाच्या रडण्याला एक हड केलं. फुलण्याबिलण्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिची काळजी दुसरीच होती. जयानं हे जमिनीत लावायचं नाव काढल्याबरोबर तिनं काठीच आडवी धरली.

"कळक आपल्या हातानं लावू नये गो तरण्या माणसानं," आत्या म्हणाली. "लावलेला कळक मनगटाएवढा झाला का लावनारा जातो. म्हनून म्हातारी मान्सं लावतात. दे हिकडं, मी लावते. माझं काय ऱ्हायलंय आता."

दादानं तेवढ्यात कुंडीला हात घातला. हनुमान म्हणाला, राहू दे ना जया, लावू दे त्यांना. जयानं कुंडी पोटाशी धरली. तिच्या मनात एक प्रश्न उभा राहिला होता, आणि तो इतका साधा होता की तिनं तो लगेच विचारून टाकला.

"आत्या, मनगटाएवढा व्हायला किती वर्षं लागतात गो?"

आत्यानं रोपाकडे बघितलं, डोळे बारीक केले. "कंदाचा आसता तर चार-पाच वरसात झाला आसता. ह्यो बियाचा हाय, लय सावकाश वाढनार. धा तरी धर. बारा. पानी नाय मिळालं तर पंधरा बी."

दहा. बारा. पंधरा. जया ते आकडे ऐकत तशीच उभी राहिली. दीड वर्षात एवढा मोठा आकडा तिच्यापुढं कुणी ठेवला नव्हता. चांगल्या डॉक्टरांनी नाही, देवापुढं हात जोडणाऱ्या सासूनं नाही, रोज उशाशी पाणी ठेवणाऱ्या नवऱ्यानं नाही. आणि ही म्हातारी तिला भीती घालायला म्हणून दहा वर्षं काढून देत होती, बारा देत होती, वर घासाघीस न करता पंधरा. दहा वर्षांत भाचीचं पोर शाळेत जाईल. दहा वर्षांत हनुमान रिटायर होऊन दिवसभर घरात बसून डोकं खाईल. दहा उन्हाळ्यांचा मसाला. तिचं काळीज त्या सपाट बाजूला असं उड्या मारायला लागलं की ते सगळ्यांना दिसतंय असं तिला वाटलं, आणि दिसलं तर दिसू दे.

"नाय आत्या," ती म्हणाली. "मीच लावनार. कुदळ द्या कुनीतरी."

कुणी हलेना, तर तीच गोठ्यात जाऊन कुदळ घेऊन आली. डावा हात ऑपरेशनपासून फार वर जात नव्हता, तेवढा ती उजव्यानं सांभाळून घेत होती. जुन्या बेटापासून दूर, उंबराच्या अलीकडे, तिनं खड्डा केला, कुंडी आडवी करून रोप मातीसकट सोडवलं, आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी दाबून दाबून लावलं. आत्या काठीवर हनुवटी ठेवून बघत होती. दादा डोळे पुसून विहिरीकडे गेला आणि भरलेली कळशी घेऊन आला, ओणवा झाला, आणि सगळी कळशी रोपाच्या बुडाशी ओतायला लागला. जयानं घाईघाईनं त्याचा हात धरला.

"थोडंच घाल, दादा," ती म्हणाली. "सावकाश वाढू दे त्याला."